कोलेस्टेरॉलचे भवितव्य ठरते कणाच्या पृष्ठभागावर

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला की बहुतेकांची नजर आधी एलडीएलच्या आकड्यावर जाते. आकडा शंभराच्या आत असला की जीव भांड्यात पडतो, दीडशेच्या पुढे गेला की घरात तुपावर बंदी येते. हा आकडा इतकेच सांगतो की एका डेसिलिटर रक्तद्रवातले अमुक मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांमधून फिरते आहे. ते कण पुढे यकृतात जाऊन मोडले जाणार की धमनीच्या भिंतीत ठाण मांडणार, याबद्दल आकडा काहीच बोलत नाही. त्याचा निकाल लागतो कणाच्या पृष्ठभागावर, आणि तोही तिथल्या थोड्याशा रासायनिक गटांच्या हातून. हे गट बदलले की कणाच्या पोटातले कोलेस्टेरॉल तसूभरही न बदलता त्याचा मार्ग बदलतो. हृदयविकाराची सुरुवात समजून घ्यायची तर हे पृष्ठभागाचे रसायन टाळता येत नाही. मात्र याच रसायनाचा हवाला देऊन बाजारात ज्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या विकल्या जातात, त्यांना पुराव्याचा आधार नाही. पहिले विधान मान्य केले की दुसरे आपोआप खोटे ठरते असे अनेकांना वाटते. पुरावा नीट मांडला तर दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात, एवढेच नव्हे तर एकमेकांना पूरक ठरतात.

मुळात हा कण बनतोच एका अडचणीतून. कोलेस्टेरॉल आणि मेद पाण्यात विरघळत नाहीत, आणि रक्त तर बहुतांशी पाणी आहे. म्हणून शरीर त्यांची लहान गोळी बांधते. आत कोलेस्टेरॉलची एस्टरे, सुमारे दीड हजार रेणू. बाहेर फॉस्फोलिपिडांचा एकेरी थर, ज्याची पाण्याला जवळ करणारी टोके बाहेरच्या बाजूला असतात. आणि त्याभोवती वेढा घालून बसलेले एकच भलेमोठे प्रथिन, अपो-बी-१००. एलडीएल कणाचा व्यास साधारण २२ नॅनोमीटर, म्हणजे असे चाळीस-पंचेचाळीस हजार कण ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरतो. अपो-बी ४,५३६ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यांत साडेतीनशेहून अधिक लायसिन आहेत आणि प्रत्येक लायसिनच्या टोकाशी रक्ताच्या आम्लतेला धनभारित राहणारा एक अमिनो गट आहे. पूर्ण कणाची बेरीज केली तर तो किंचित ऋणभारितच निघतो. पण बेरजेपेक्षा मांडणी महत्त्वाची. लायसिन आणि आर्जिनिन यांचे धनभार काही ठिकाणी दाटीने एकत्र आलेले असतात, आणि कणाचे बाहेरच्या जगाशी जे व्यवहार चालतात त्यांतले बरेचसे या ठिकाणांवरून होतात.

त्यातला पहिला व्यवहार यकृताशी. १९७० च्या दशकात डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशींच्या आवरणावरचा एलडीएल रिसेप्टर शोधला. १९८५ साली त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रिसेप्टरच्या कण पकडणाऱ्या भागात ऋणभारित अमिनो आम्लांचे पुंजके आहेत. अपो-बीचा धनभारित पट्टा त्यांच्याशी जुळतो आणि पेशी पूर्ण कण आत ओढून घेते. जुळणी किती काटेकोर असते हे दाखवणारा एक प्रयोग निसर्गानेच करून ठेवला आहे. काही कुटुंबांत अपो-बीच्या ३,५०० व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन असते. साडेचार हजारांहून अधिक दुव्यांपैकी एकच दुवा बदललेला, पण त्यामुळे प्रथिनाची त्या भागातली घडी बिघडते, रिसेप्टरची पकड सुटते आणि रक्तातले कोलेस्टेरॉल आयुष्यभर चढे राहते. प्रयोगशाळेतही हेच दिसले. कार्ल वाइसग्रेबर, थॉमस इनेरॅरिटी आणि रॉबर्ट मॅहली यांनी १९७८ साली लायसिनच्या टोकांना वेगवेगळे रासायनिक गट जोडून पाहिले. लायसिन झाकले गेले की एलडीएल रिसेप्टर कणाला ओळखेनासा होई. त्यांच्या एका प्रयोगात नुसते मिथाइल गट जोडले होते. त्याने लायसिनचा धनभार पुसला जात नाही, तरीही ओळख गेली. म्हणजे केवळ भार असून भागत नाही. तो भार नेमक्या जागी, नेमक्या आकारात मोकळा असावा लागतो.

आता एक कोडे उभे राहिले. काही मुलांना आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळते आणि त्यांच्या पेशींवर कामाचा एलडीएल रिसेप्टर जवळजवळ नसतोच. अशा मुलांना कोवळ्या वयात हृदयविकाराचे झटके येतात. त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉलने तुडुंब भरलेल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, सापडतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. रिसेप्टरच नाही, तर या पेशींत कोलेस्टेरॉल शिरले कसे? निरोगी भक्षक पेशींना साधे एलडीएल भरपूर दिले तरी त्या ते फारसे घेत नाहीत, हेही दिसत होते. १९७९ साली गोल्डस्टीन, ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलडीएलवर ॲसिटिक ॲनहायड्राइडची प्रक्रिया केली. त्याने लायसिनच्या टोकांना ॲसिटाइल गट चिकटतात, धनभार नाहीसे होतात आणि कणाचा एकूण ऋणभार वाढतो. हे बदललेले एलडीएल भक्षक पेशींनी मूळ कणांच्या सुमारे वीसपट वेगाने गिळले आणि त्या कोलेस्टेरॉलने गच्च भरल्या. कणाच्या पोटातला ऐवज तोच होता. बदलले होते फक्त कवच. या शोधनिबंधाच्या लेखकांत संदीप कुमार बसू हे भारतीय शास्त्रज्ञही होते. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

या प्रयोगाचे मर्म वेगापेक्षाही अधिक लगाम नसण्यात आहे. साधा एलडीएल रिसेप्टर आपला आपण आवरतो. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे झाले की पेशी नवे रिसेप्टर बनवणे कमी करते, त्यामुळे ती गरजेपेक्षा फार जास्त घेत नाही. बदललेले कण मात्र दुसऱ्याच वाटेने आत येतात. त्या वाटेवरच्या ग्राही रेणूंना स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणतात, आणि पेशी कितीही भरली तरी ही वाट बंद होत नाही. म्हणून कवचातला बदल म्हणजे रसायनशास्त्रातली बारीकशी नोंद नव्हे. नियंत्रण असलेल्या मार्गावरून कण अनियंत्रित मार्गावर ढकलला जातो.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. ॲसिटिक ॲनहायड्राइड प्रयोगशाळेच्या बाटलीत असते, माणसाच्या रक्तात नाही. मग या प्रयोगाचा आजाराशी संबंध काय? याचे उत्तर पुढच्या पाच वर्षांत तीन टप्प्यांत मिळाले. लॉस एंजेलिसमध्ये ॲलन फोगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मॅलॉनडायअल्डिहाइड हा रेणू घेतला. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका सक्रिय झाल्या की तो बाहेर पडतो, मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणातही तयार होतो, म्हणजे तो शरीराचा स्वतःचा आहे. तोही लायसिनला चिकटतो, आणि त्याने बदललेले एलडीएल भक्षक पेशी त्याच नव्या वाटेने गिळतात. दुसऱ्या वर्षी सॅन डिएगोमध्ये डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने दाखवले की धमनीच्या अस्तराच्या पेशींसोबत एलडीएल नुसते ठेवले तरी ते बदलते आणि भक्षक पेशींना हवेसे होते. १९८४ साली कारण उलगडले: त्या पेशींच्या सान्निध्यात कणातल्या मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होत होते. दिवाळीचा चिवडा डब्यात फार दिवस राहिला की खवट होतो, ते ज्या प्रकारच्या अभिक्रियेमुळे, त्याच प्रकारची अभिक्रिया इथे चालते. असंतृप्त मेदाम्लांवर ऑक्सिजनचा हल्ला होतो, साखळी तुटते, लहान तिखट अल्डिहाइडे सुटतात आणि ती शेजारच्या प्रथिनाच्या लायसिनवर जाऊन बसतात. पुढे ससे आणि माणसे यांच्या रोगग्रस्त धमन्यांत अशाच बदललेल्या प्रथिनांच्या खुणा प्रतिपिंडांच्या साहाय्याने सापडल्या. बाटलीतल्या रसायनाने दाखवलेली वाट शरीरातही वापरली जाते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. सगळा खेळ ऋणभाराचाच असेल, तर जितका ऋणभार जास्त तितकी पकड जास्त, असे सरळ गणित दिसायला हवे. तसे दिसत नाही. हेपारिन हा दाट ऋणभारित रेणू आहे, पण स्कॅव्हेंजर रिसेप्टर त्याला दाद देत नाही. ऋणभारितच असलेल्या डेक्स्ट्रान सल्फेटला मात्र तो घट्ट धरतो. मॅलॉनडायअल्डिहाइडच्या प्रयोगांत मार्गारेट हॅबरलँड आणि फोगेलमन यांना एक उंबरठा दिसला. सुमारे १६ टक्के लायसिन बदलेपर्यंत भक्षक पेशी कणाकडे ढुंकून पाहत नाहीत, त्यापुढे मात्र एकदम उचलू लागतात. भार क्रमाक्रमाने वाढत असताना ओळख अचानक उमटावी, याचा अर्थ पृष्ठभागावर भारांची एखादी विशिष्ट रचना पूर्ण व्हावी लागते. १९९० साली माँटी क्रीगर यांच्या गटाने पहिला स्कॅव्हेंजर रिसेप्टर वेगळा करून त्याची रचना मांडली. त्याच्या कोलॅजेनसारख्या दांड्यावर धनभारित लायसिनांची ओळ आहे, आणि पुढच्या प्रयोगांत ऋणभारित कण तिथेच धरला जातो हे दिसले. सीडी-३६ नावाचा आणखी एक रिसेप्टर तर भाराकडे फारसे पाहतच नाही. ऑक्सिडीकरणाने तुटलेल्या फॉस्फोलिपिडांची टोके त्याला लागतात. मूळ फॉस्फोलिपिडात मेदाम्लाची साखळी थराच्या आत लपलेली असते. ती तुटून तिच्या टोकाला ऑक्सिजनचे गट आले की ते टोक पाण्याच्या ओढीने पृष्ठभागावर उलटे बाहेर येते आणि सीडी-३६ च्या हाती लागते. तेव्हा ‘ऋणभार वाढला म्हणून कण गिळला गेला’ हे सूत्र अपुरे आहे. कोणता गट, कोणत्या जागी, किती दाटीने आणि थरातून किती बाहेर आला, या सगळ्यावर ओळख अवलंबून असते.

ऑक्सिडीकरण हा बदलाचा एकच मार्ग नाही. मधुमेहात रक्तातली साखर लायसिनला हळूहळू चिकटते. एचबीए१सी चाचणीत हिमोग्लोबिनच्या बाबतीत आपण जे मोजतो, तेच इथे अपो-बीच्या बाबतीत घडते. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की रक्तात युरिया साचतो. त्यातून थोडे सायनेट तयार होते आणि ते लायसिनचा धनभार मोडते. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात थायोसायनेट जास्त असते. दाहाच्या जागी पांढऱ्या पेशींचे मायेलोपेरॉक्सिडेज हे विकर त्यापासून सायनेट बनवते आणि तोच बदल घडवून आणते. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि तंबाखूचा धूर हे तीन वेगवेगळे धोके एकाच रासायनिक गटावर येऊन मिळतात, ही लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते एचडीएलही यातून सुटत नाही. मायेलोपेरॉक्सिडेजने त्याच्या अपो-ए-१ या प्रथिनावर क्लोरिनचा घाव घातला की पेशींतून कोलेस्टेरॉल उचलून आणण्याची त्याची ताकद घटते. एचडीएलचा आकडा चांगला दिसत असूनही ते निकामी असू शकते, ते यामुळेच.

आता सर्वांत जड आक्षेप. हे सगळे खरे असेल तर ऑक्सिडीकरण थांबवले की आजार थांबायला हवा. सशांमध्ये तसे घडलेही. १९८७ साली स्टाइनबर्ग यांच्या गटाने जन्मतःच कोलेस्टेरॉल चढे असणाऱ्या सशांना प्रोब्यूकॉल हे ऑक्सिडीकरण रोखणारे औषध दिले, तेव्हा रक्तातले कोलेस्टेरॉल तेवढेच असलेल्या दुसऱ्या गटापेक्षा त्यांच्या धमन्यांतला रोग मंद वाढला. मात्र माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांनी ही आशा मोडली. ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त २०,५३६ जोखमीच्या व्यक्तींपैकी निम्म्यांना पाच वर्षे ई आणि सी जीवनसत्त्वे व बीटा-कॅरोटीन दिले गेले. रक्तातली जीवनसत्त्वे वाढली, पण हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांत काहीच घट झाली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीतही ई जीवनसत्त्व निष्फळ ठरले. उलट त्याच ब्रिटिश चाचणीत एलडीएलची संख्या कमी करणाऱ्या सिमव्हास्टॅटिनने हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने घटवल्या. याचा अर्थ पृष्ठभागाचे सारे रसायन चुकीचे होते असा लावायचा का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ऑक्सिडीकरण हेच रोगाचे एकमेव कारण आहे आणि ई जीवनसत्त्व ते थांबवते, हा दावा या चाचण्यांनी खोडला. तो सोडलाच पाहिजे. जीवनसत्त्वाची मात्रा कमी पडली किंवा ते फार उशिरा दिले गेले अशा सबबी पुढे करून त्याला जिवंत ठेवण्यात अर्थ नाही. पण पृष्ठभागातला बदल कणाचा मार्ग ठरवतो, हे विधान त्याने खोडले जात नाही, कारण बदलाच्या वाटा अनेक आहेत. मायेलोपेरॉक्सिडेजची क्लोरिन जोडणारी वा सायनेट बनवणारी अभिक्रिया ई जीवनसत्त्वाच्या आवाक्याबाहेरची आहे. साखर चिकटण्याला ते अडवत नाही. धमनीच्या भिंतीतले स्फिंगोमायलिनेज हे विकर कणाच्या कवचातले स्फिंगोमायलिन तोडते, तेव्हा कण एकमेकांना चिकटून मोठे पुंजके होतात आणि भक्षक पेशी तेही गिळतात. त्यात ऑक्सिजनचा संबंधच नाही. एक दार लावले आणि बाकीची उघडी राहिली, तर घर सुरक्षित झाले असे म्हणता येत नाही.

शिवाय या साखळीतली पहिली कडीसुद्धा पृष्ठभागाचीच आहे, आणि ती कोणत्याही ऑक्सिडीकरणाच्या आधी येते. धमनीच्या आतल्या थरात प्रोटिओग्लायकन नावाचे लांब, ऋणभारित रेणू पसरलेले असतात. रक्तातून भिंतीत शिरलेल्या एलडीएलचे धनभारित पट्टे त्यांना चिकटतात आणि कण तिथे खोळंबतो. खोळंबला म्हणून तो बदलतो. लगेच बाहेर पडला असता तर बहुधा बदललाच नसता. २००२ साली यान बोरेन यांच्या गटाने उंदरांमध्ये असे अपो-बी तयार केले की त्यातला प्रोटिओग्लायकनला धरणारा धनभारित पट्टा पुसला गेला होता, पण यकृताच्या रिसेप्टरशी होणारी जुळणी शाबूत होती. रक्तातले कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत सारखेच चढे असूनही बदललेल्या अपो-बीच्या उंदरांत धमन्यांचा रोग ठळकपणे कमी झाला. आकडा तोच, पृष्ठभाग वेगळा आणि परिणाम वेगळा: या लेखातल्या मूळ विधानाला याहून थेट पुरावा मिळणे कठीण. यात एक विरोधाभासही आहे. ज्या धनभारांमुळे यकृत कणाला ओळखते, त्यांच्याच जातीचे धनभार त्याला धमनीच्या भिंतीत अडकवतात. आणि तिथे अडकल्यावर ते धनभार नष्ट झाले की भक्षक पेशींचे दार उघडते.

मग उपाय मात्र संख्येवर का चालतो? कारण साखळी सुरू होते ती भिंतीत किती कण शिरतात यावरून, आणि ते रक्तात किती कण फिरताहेत यावर ठरते. बदलाच्या वाटा पाच असोत की पंधरा, प्रत्येक वाटेला कच्चा माल एकच लागतो. एकेक वाट अडवण्यापेक्षा माल कमी करणे शहाणपणाचे. याची साक्ष पुन्हा निसर्गानेच दिली. डॅलसमध्येच जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी २००६ साली दाखवले की पीसीएसके-९ जनुकातल्या दोषांमुळे ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एलडीएल जन्मापासून २८ टक्क्यांनी कमी होते, त्यांच्यात हृदयधमनीचा रोग ८८ टक्क्यांनी कमी होता. घट साधारणच, पण ती आयुष्यभराची. म्हणून पृष्ठभाग आणि संख्या यांत निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. रोग कसा होतो याचे उत्तर पृष्ठभाग देतो, तो टाळायचा कसा याचे उत्तर आज तरी संख्या देते. आणि ‘ऑक्सिडीकरणापासून हृदयाचे रक्षण’ असे छापलेली गोळी विकत घेणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की तिच्यामागचे शास्त्र अर्धे खरे आणि तिचा उपयोग तपासून नाकारलेला आहे. साखर आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे यांचे फायदे मात्र सिद्ध आहेत, आणि लायसिनच्या रसायनाकडे पाहिले तर ते का असावेत याचा एक धागाही हाती लागतो.

पृष्ठभागाच्या ज्ञानाचा उपचारात उपयोगच झाला नाही, असेही नाही. ज्यांच्याकडे एलडीएल रिसेप्टर जवळजवळ नाही अशा रुग्णांचा रक्तद्रव डेक्स्ट्रान सल्फेट लावलेल्या मण्यांच्या नळीतून फिरवला जातो. अपो-बीचे धनभारित पट्टे त्या ऋणभारित मण्यांना चिकटतात, एलडीएल मागे राहते आणि एचडीएल बहुतांशी सुखरूप पुढे जाते. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी होणारी ही प्रक्रिया म्हणजे धमनीच्या भिंतीत जे घडते तेच शरीराबाहेर, आपल्या सोयीने घडवणे होय. १९७९ च्या त्या प्रयोगात सहभागी असलेले संदीप कुमार बसू पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संचालक झाले. भारतात त्यांनी हेच ज्ञान उलट बाजूने वापरले. काळा आजार ज्या गटातल्या परजीवींमुळे होतो, ते लीशमॅनिया परजीवी भक्षक पेशींच्या आतच दडी मारून बसतात. बसू आणि सहकाऱ्यांनी अल्ब्युमिन या प्रथिनाचे लायसिन रासायनिक रीतीने बदलून ते ऋणभारित केले, त्याला मेथोट्रेक्सेट हे औषध जोडले, आणि भक्षक पेशींनी ते स्कॅव्हेंजर रिसेप्टरच्या वाटेने आपणहून आत घेतले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या हॅमस्टरांवरच्या या कामात असे जोडलेले औषध मोकळ्या औषधापेक्षा कितीतरी प्रभावी ठरले. धमनीत रोग निर्माण करणारी वाट औषध पोचवायलाही वापरता येते, कारण रिसेप्टर चांगले-वाईट जाणत नाही. त्याला समोर आलेल्या पृष्ठभागावरचे गट तेवढे कळतात. त्या गटांचा अभ्यास जीवनसत्त्वाच्या गोळ्यांपाशी अयशस्वी ठरला म्हणून तो बाजूला ठेवणे ही मोठी चूक होईल. ते गट जाणूनबुजून घडवता आले, तर पुढचा उपयोग तिथूनच निघेल.